दोन ट्रॅक, एक बेस: ब्लेंड करताना इक्यू कसा वापरायचा

डीजे एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना दोन्ही काही वेळ एकत्र वाजवतो, तो ब्लेंड. टेम्पो जुळलाय, बीटवर बीट बसलाय, तरी दुसरा फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर जाताच आवाज गढूळ होतो. किकचा, म्हणजे ड्रमच्या जड ठोक्याचा, ठोसा जातो, गायकाचे शब्द कळेनासे होतात आणि मास्टरचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या एकूण आवाजाचा, मीटर लाल दिव्यापर्यंत पोचतो. नवशिक्याला वाटतं की बीटमॅचिंगच, म्हणजे बीट जुळवणंच, चुकलं. खरं कारण बहुतेकदा वेगळं असतं. बाजारात येणारा प्रत्येक ट्रॅक मास्टर होताना, म्हणजे त्याला अंतिम रूप मिळताना, खालच्या बेसपासून वरच्या झांजांपर्यंत पूर्ण भरलेला असतो. असे दोन भरलेले ट्रॅक एकावर एक ठेवले की दोघांनाही जागा उरत नाही. ती जागा करून देणं हे इक्यूचं, म्हणजे आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरचं, काम. म्हणून ब्लेंड करताना इक्यू मुख्यतः कमी करण्यासाठी वापरायचा असतो, वाढवण्यासाठी क्वचितच.

नॉब नेमकं काय करतात

बहुतेक डीजे मिक्सरवर प्रत्येक चॅनलला तीन नॉब असतात: लो, मिड आणि हाय. लोचा पट्टा साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली, हायचा साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर आणि उरलेलं मधलं सगळं मिडकडे. नेमक्या सीमा मिक्सरप्रमाणे बदलतात. झोन:९२ सारख्या मिक्सरवर चार पट्टे असतात, म्हणजे मिडचे दोन भाग पडतात. त्याचा फायदा पुढे येईलच.

नॉब मध्यावर, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या जागी असला की त्या पट्ट्यात काहीच बदल होत नाही. डावीकडे फिरवला की तो पट्टा कमी होतो, उजवीकडे फिरवला की वाढतो. पण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. क्लबमध्ये वर्षानुवर्षं दिसणाऱ्या डीजेएम-९००एनएक्सएस२ या मिक्सरवर इक्यू मोडमध्ये उजवीकडे जास्तीत जास्त ६ डेसिबल मिळतात, तर डावीकडे २६ डेसिबलपर्यंत कमी करता येतं. त्याच मिक्सरला आयसोलेटर मोडवर टाकलं तर डाव्या टोकाला तो पट्टा पूर्ण बंद होतो.

हा फरक हाताला माहीत असायलाच हवा. उणे २६ डेसिबलला किक अगदी हलकी का होईना, शिल्लक राहते. आयसोलेटरमध्ये काहीच राहत नाही. त्यामुळे नवीन मिक्सरसमोर उभं राहिल्यावर पहिली दोन मिनिटं यालाच द्या. भरपूर बेस असलेला एक ट्रॅक लावा, लो सावकाश डाव्या टोकापर्यंत न्या आणि किक कुठे पातळ होते, कुठे गायब होते ते ऐका. मग मिड, मग हाय. बऱ्याच मिक्सरवर बारापासून दहापर्यंत फारसं काही घडत नाही आणि नऊच्या पुढे आवाज भराभर पडतो. हाताचा वेग त्या वक्राप्रमाणे ठेवावा लागतो.

कुठलं वाद्य कुठे बसतं याचा नकाशाही डोक्यात हवा. किकचा जड भाग साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो, बेसलाइन ४० पासून २५० पर्यंत पसरते, म्हणजे दोघंही लोच्याच पट्ट्यात. किकचा टोकदार ‘टक्’ मात्र २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणूनच लो पूर्ण बंद केला तरी बीट ऐकू येतो आणि जुळवताही येतो. गायकाचा आवाज, सिंथ, गिटार, पियानो यांचा बराचसा भाग मिडमध्ये. हाय-हॅट, शेकर, झांजा आणि ‘स’, ‘श’ची सिसकारी हायमध्ये.

आधी गेन, मग इक्यू

गेन, म्हणजे चॅनलमध्ये येणाऱ्या आवाजाची मूळ पातळी, चुकीचा असेल तर पुढचं सगळं चुकतं, कारण इक्यूने जे कमी-जास्त केल्यासारखं वाटतं ते प्रत्यक्षात दोन ट्रॅकच्या आवाजातलं अंतर असतं. येणाऱ्या ट्रॅकचे तिन्ही नॉब बारावर ठेवा, फिल्टर मध्यावर ठेवा आणि हेडफोनवर त्याचा सगळ्यात भरलेला भाग, म्हणजे ड्रॉप, लावा. चॅनलचा मीटर वाजत असलेल्या ट्रॅकच्या मीटरइतका येईपर्यंत ट्रिम (गेनचा नॉब) फिरवा. चॅनल मीटर फेडरच्या आधीची पातळी दाखवत असेल तर फेडर खाली असतानाही हे करता येतं.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे ट्रिम इंट्रोवर, म्हणजे ट्रॅकच्या सुरुवातीच्या भागावर, लावणं. इंट्रोमध्ये नुसती किक आणि हॅट असते. तिथे जुळवलेला ट्रॅक पुढे बेस आणि सिंथ आल्यावर काही डेसिबलने वर उडी मारतो. दुसरी चूक जास्त फसवी: लो बंद ठेवून ट्रिम लावणं. मीटर जो हलतो तो मोठ्या प्रमाणात बेसच्या ऊर्जेमुळे. बेस काढलात की मीटर खाली येतो, तुम्ही ट्रिम वाढवता, आणि नंतर लो उघडलात की चॅनल थेट लाल होतो. सॉफ्टवेअरचा ऑटो-गेन सुरुवातीला उपयोगी पडतो, पण ड्रॉपवर एकदा स्वतः तपासून घ्याच.

मास्टर लाल होऊ देऊ नका. दोन चॅनल एकत्र आले की एरवीपेक्षा ३ डेसिबल सहज वाढतात, तेवढी मोकळीक आधीच हवी.

बेस एका वेळी एकाच ट्रॅकचा का

हा नियम सगळेच सांगतात, कारण मात्र क्वचित सांगितलं जातं. कारण कळलं तर अपवाद कुठे चालतो हेही कळतं.

सारख्या पातळीचे दोन असंबंधित आवाज मिसळले की बेरीज सुमारे ३ डेसिबल वाढते. पण दोन किक बरोबर एकाच क्षणी, एकाच दिशेने स्पीकरचा कोन ढकलू लागल्या की ६ डेसिबलपर्यंत वाढ होते. आणि एक किक कोन बाहेर ढकलत असताना दुसरी आत ओढत असेल तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. यातलं काय होणार हे अगदी बारीक वेळेवर ठरतं. ५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे दोन किकमध्ये १० मिलिसेकंदांचं अंतर पडलं की त्या एकमेकींच्या विरुद्ध होतात. १२५ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२५ बीट असताना, एक बीट ४८० मिलिसेकंदांची असते. त्यातले १० मिलिसेकंद कानाला दोन वेगळे ठोके म्हणून जेमतेमच कळतात, पण बेस मात्र गेलेला असतो.

आता टेम्पोत नुसता ०.१ बीपीएमचा फरक राहिला असं धरा, एक १२५ आणि दुसरा १२५.१. प्रत्येक बीटला साधारण ०.३८ मिलिसेकंद सरक होते. ३२ बीटनंतर, म्हणजे ८ बारनंतर, अंतर १२ मिलिसेकंदांवर गेलेलं असतं. म्हणजे सुरुवातीला दणदणीत वाटणारा बेस १५ सेकंदांत पोकळ होतो, आणि तुम्ही काहीच केलेलं नसतं. सिंक (आपोआप टेम्पो जुळवणारं बटण) वापरला तरी बीटग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरने ट्रॅकवर केलेल्या बीटच्या खुणा, काही मिलिसेकंद इकडेतिकडे असतोच. शिवाय दोन बेसलाइन वेगवेगळ्या सुरांत असतील तर खालच्या सुरांची घरघर वेगळीच. यावर हमखास उपाय एकच: लो एकाचाच उघडा.

अपवाद कुठे? एका ट्रॅकमध्ये त्या वेळी खालचं काही नसेल तिथे. ब्रेकडाउनमध्ये किक आणि बेस दोन्ही गेलेले असतात. तिथे दोन्ही नॉब बारावर असले तरी भांडण नाही. नियम नॉबचा नाही, प्रत्यक्ष वाजणाऱ्या आवाजाचा आहे.

एक ब्लेंड, टप्प्याटप्प्याने

वाजत असलेल्या ट्रॅकला ‘अ’ म्हणू, येणाऱ्याला ‘ब’. दोन्ही १२५ बीपीएमवर. चार बीटचा एक बार १.९२ सेकंदांचा, आणि ८ बारची एक फ्रेज सुमारे १५ सेकंदांची. हाऊस, टेक्नोसारखं संगीत ८ बारच्या पटीत रचलेलं असतं, त्यामुळे नॉबची प्रत्येक मोठी हालचाल फ्रेजच्या सांध्यावर करायची.

१. ‘ब’चा क्यू, म्हणजे सुरू होण्याच्या जागेची खूण, पहिल्या किकवर लावा. ‘ब’ची बेसलाइन कितव्या बारला सुरू होते ते मोजून ठेवा. समजा १६ बारनंतर. आता ‘अ’मधली अशी जागा शोधा जिथून पुढे १६ बारनंतर तो स्वतःहून रिकामा होऊ लागतो.

२. हेडफोनमध्ये बीट जुळवा, आणि ते लो उघडा ठेवूनच. जड किक असताना सरक लवकर कळते. बहुतेक मिक्सरवर हेडफोनकडे जाणारा (त्यालाही क्यूच म्हणतात) आवाज इक्यूच्या नंतर आणि फेडरच्या आधी घेतलेला असतो, त्यामुळे नॉबचा परिणाम हेडफोनमध्ये ऐकू येतो आणि बाहेर काही जात नाही.

३. फेडर खालीच असताना ‘ब’चा लो डाव्या टोकाला न्या. मिड साधारण दहावर, हाय दहा-अकरावर. ही तयारी फेडर वर जाण्याआधीच व्हायला हवी. फेडर वर गेल्यावर लो कापलात तर पहिल्या दोन-तीन बीटला दोन किक बाहेर ऐकू गेलेल्या असतात.

४. फ्रेजच्या पहिल्या बीटला ‘ब’ सोडा. फेडर ८ बारमध्ये सावकाश पूर्ण वर न्या. या काळात बाहेर फक्त ‘ब’चे हॅट आणि किकचा ‘टक्’ मिसळतो. सरक जाणवली तर आत्ताच जॉग व्हीलने (प्लेअरवरच्या फिरत्या चकतीने) दुरुस्त करा. लो बंद असल्याने ही दुरुस्ती फारशी कोणाला जाणवत नाही.

५. पुढच्या ८ बारमध्ये हायची अदलाबदल. ‘ब’चा हाय बारावर येऊ द्या आणि त्याच वेगाने ‘अ’चा दहाकडे उतरवा.

६. १६ बार पूर्ण होताना बेसची अदलाबदल. एक हात ‘अ’च्या लोवर, दुसरा ‘ब’च्या लोवर. शेवटच्या बारच्या चौथ्या बीटला ‘अ’चा लो खाली टाका आणि पुढच्या फ्रेजच्या पहिल्या बीटला ‘ब’चा लो थेट बारावर आणा. क्रम लक्षात ठेवा: आधी खाली, मग वर. मध्ये एक बीट बेस नसला तर ऐकणाऱ्याला पुढच्या ठोक्याची ओढ लागते. उलट एक बीट दोन बेस आले तर मिक्स अडखळल्यासारखा वाटतो.

७. आता मिड. पुढच्या ८ बारमध्ये ‘ब’चा मिड बारावर, ‘अ’चा मिड नऊकडे. शेवटी ‘अ’चा फेडर उतरवा.

८. ‘अ’चा फेडर शून्यावर गेला की त्या चॅनलचे तिन्ही नॉब आणि फिल्टर लगेच मध्यावर. हे विसरलं तर त्या चॅनलवरचा पुढचा ट्रॅक बेसशिवाय सुरू होतो, आणि कारण सापडेपर्यंत अर्धी फ्रेज निघून जाते.

सहावा टप्पा सगळ्यात जास्त बिघडतो. ‘ब’च्या इंट्रोत नुसती किक असताना बेस बदललात तर ‘अ’ची बेसलाइन गेली आणि बदल्यात कोरडी किक मिळाली, म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायाखालून संगीत काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून बेस तिथेच बदला जिथे ‘ब’ची बेसलाइन खरोखर सुरू होते. तिची जागा दूर असेल तर ‘ब’ उशिरा सोडू नका. क्यू पुढच्या फ्रेजवर लावा.

झटक्यात बदलायचं की सावकाश? डान्स फ्लोअर भरलेला असेल आणि दोन बेसलाइन ठसठशीत असतील तर झटक्यात. खोल, सलग वाहणाऱ्या संगीतात ४ बारमध्ये सावकाश सरकवलेलं शोभतं. पण तिथेही दोन्ही नॉब एकाच वेळी मध्यात येऊ देऊ नका. ‘अ’ नऊच्या खाली गेल्यावरच ‘ब’ नऊच्या वर यावा.

मिड: इथे कान लागतो

लोला नियम आहे, मिडला नाही. सुरांचा जवळजवळ सगळा आशय मिडमध्येच असतो, त्यामुळे लोसारखा तो पूर्ण कापून चालत नाही. मिड टोकाला नेला की ट्रॅकचं अंगच जातं, वर सळसळ आणि खाली धडधड एवढंच उरतं.

नेहमीचा प्रसंग: ‘अ’मध्ये गाणं चालू आहे आणि ‘ब’चा सिंथ त्यावर चढतोय. हेडफोनचा क्यू-मिक्स नॉब मध्यावर ठेवा म्हणजे दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकू येतील. आता ‘ब’चा मिड बारापासून सावकाश खाली न्या आणि फक्त शब्द ऐका. ज्या क्षणी शब्द स्वच्छ होतात तिथेच थांबा. बहुतेक वेळा ३ ते ६ डेसिबल पुरतात. त्याच्या पुढे नेलेलं सगळं नुकसान असतं, कारण मग ‘ब’ आलाय हेच कळत नाही आणि अदलाबदलीच्या वेळी तो अचानक उगवल्यासारखा वाटतो.

दोन गायक एकत्र आले तर इक्यूने सुटका नाही. एकाचा मिड कितीही कापला तरी ‘स’, ‘श’ हायमध्ये शिल्लक राहतात आणि आवाज भुतासारखा मागे रेंगाळतो. मिक्सची जागाच बदला. ‘अ’चं कडवं संपल्यावर ‘ब’ आणा, किंवा ‘ब’चा वाद्यांचा भाग लूप करा.

स्केलच जुळत नसेल तरीही तसंच. मिड कमी करून बेसूरपणा थोडा झाकता येतो, मिटवता येत नाही. अशा जोडीला ‘अ’च्या शेवटच्या नुसत्या ड्रमवर ‘ब’चे नुसते ड्रम लावा आणि सूर सुरू होण्याआधी काम उरका.

चार पट्ट्यांच्या मिक्सरवर लो-मिडचा नॉब वेगळा असतो. गढूळपणा बऱ्याचदा १५० ते ४०० हर्ट्झच्या आसपासच साचतो: बेसलाइनचे वरचे स्वर, स्नेअरचं पोट, पुरुष आवाजाचा जाडपणा. येणाऱ्या ट्रॅकचा तेवढाच भाग कमी केला तर हाय-मिड उघडा ठेवूनही मिक्स स्वच्छ राहतो. तीन पट्ट्यांवर याला पर्याय म्हणून लो बंद आणि मिड किंचित कमी, एवढंच करता येतं.

हाय आणि फिल्टर

हायबद्दल थोडकंच. दोन हॅट एकत्र वाजल्या की दुहेरी टकटक ऐकू येते, म्हणून येणाऱ्याचा हाय थोडा खाली ठेवून सुरू करा. वाढवायचा तर जवळजवळ कधीच नाही. तासाभराने तुमचेच कान थकतात, वरचा आवाज कमी वाटू लागतो आणि हात हायकडे जातो. समोरच्यांना मात्र तो टोचत असतो. कमी बिटरेटच्या फाइलचा हाय वाढवलात तर चमक येत नाही, खरखर वाढते.

हाय-पास फिल्टर (खालचा आवाज कापून वरचा जाऊ देणारा) लोच्या नॉबला पर्याय म्हणून अनेकजण वापरतात. फिल्टर जसजसा वर जातो तसा बेसपाठोपाठ मिडही खातो, आणि रेझोनन्स असेल तर कापण्याच्या जागी आवाज फुगवतो. तो परिणाम मुद्दाम हवा असेल तेव्हा छान. निव्वळ जागा करायला लोचा नॉबच नेमका. दोन्ही एकदम वापरले तर एक परत आणून दुसरा विसरला जातो, आणि बेस का येत नाही ते कळत नाही.

काय बिघडतं आणि का

मिक्सगणिक आवाज चढत जाणं हा सगळ्यात सामान्य दोष. ‘ब’ फिका वाटला म्हणून लो एकवर नेला, पुढच्या ट्रॅकला दोनवर. ६ डेसिबल वाढवणं म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून चौपट शक्ती मागणं, २५० वॅटच्या जागी १,०००. तेवढी नसली की आवाज कापला जातो आणि स्पीकरला धोका होतो. नवा ट्रॅक फिका वाटला तर आधी जुन्याचे नॉब कुठे आहेत ते पाहा, मग ट्रिमकडे जा. खरोखर बेस कमी असलेल्या जुन्या रेकॉर्डिंगला लो २ डेसिबलने वाढवणं मात्र योग्यच आहे.

कमी आवाजावर सराव केल्याने उलटा घोटाळा होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे आवाज लहान असताना कानाला बेस कमी ऐकू येतो. त्यामुळे हलक्या आवाजात ‘बरोबर’ वाटलेला लो मोठ्या सिस्टिमवर जास्त होतो. सरावात नॉबची जागा डोळ्यांनीही लक्षात ठेवा.

मोठ्या जागेत लांबच्या मुख्य स्पीकरवरून बीट जुळवू नका. आवाजाला एक मीटर यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. १० मीटरवरचा स्पीकर जवळपास ३० मिलिसेकंद मागे ऐकू येतो. जवळच्या बूथ मॉनिटरवर, म्हणजे डीजेजवळच्या स्पीकरवर, विश्वास ठेवा. पण बेस किती आहे हे मात्र बूथमधून ठरवू नका, तिथला बेस आणि फ्लोअरवरचा बेस सारखा नसतो. मध्ये एकदा फ्लोअरवर जाऊन ऐकून या.

ड्रम अँड बेसला १७४ बीपीएमवर १६ बार अवघ्या २२ सेकंदांत संपतात, तेव्हा वरचे टप्पे अर्ध्या वेळात बसवावे लागतात आणि हायची वेगळी अदलाबदल सोडून दिली तरी चालते. हिप-हॉपमध्ये ब्लेंड ४-८ बारचाच असतो. तिथे लो कापून आणणं आणि पहिल्या बीटला बदलणं एवढंच पुरतं.

सेराटो, रेकॉर्डबॉक्स, व्हर्च्युअलडीजे यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आता गायन, ड्रम, बेस वेगळे करता येतात. दोन गायकांचा प्रश्न तिथे खरोखर सुटतो. पण वेगळा केलेला भाग एकटाच मोठ्याने वाजवला तर त्यात पाण्याखालून आल्यासारखी विकृती ऐकू येते, त्यामुळे तो दुसऱ्या ट्रॅकच्या आडोशाला वापरलेला बरा. लोचं काम आजही नॉबच जास्त स्वच्छ करतो.

सराव

एकच जोडी निवडा आणि आधी फक्त लोने मिक्स करा, मिड आणि हाय बारावरच. अदलाबदल दर वेळी बरोबर पहिल्या बीटला बसू लागली की मिड घ्या, शेवटी हाय. प्रत्येक वेळी रेकॉर्ड करा आणि थोड्या वेळाने ऐका. रेकॉर्डिंग ऑडिओ एडिटरमध्ये उघडलं तर चूक डोळ्यांनाही दिसते. ब्लेंडच्या सबंध भागात लहरीची उंची आजूबाजूइतकीच असायला हवी. बेस बदलताना तिथे फुगवटा दिसला तर ‘ब’चा लो आधी उघडला गेलाय. एका बीटपेक्षा लांब खड्डा दिसला तर ‘अ’चा लो लवकर टाकलाय. आणि किकची उंची ८-१० बारमध्ये हळूहळू कमी होऊन पुन्हा वाढत असेल तर दोन्ही लो उघडे राहिलेत आणि टेम्पोत बारीक फरक आहे. पिच फेडर (टेम्पो बदलणारी सरकपट्टी) तपासा.